विधी सेवा केंद्रात जाण्याआधी: काय मिळतं आणि काय मिळत नाही

कोर्टाचा लिफाफा घरी आला की चाळीत पहिला सल्ला ठरलेला असतो: "वकील बघ, माझ्या ओळखीत आहे एक." ओळखीतला वकील टोकन घेतो, मग तारखेगणिक थोडे थोडे घेत राहतो. वर्षभराने विचारलं तर केसचा नंबर काय हेसुद्धा माणसाला सांगता येत नाही. ज्याला वकील परवडतो त्याने खुशाल करावा. पण परवडत नसताना दागिना गहाण टाकण्याआधी एक कचेरी गाठायला हवी, ती म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार देशात बहुतेक सगळ्या जिल्ह्यांत अशी कचेरी आहे. मी विधी स्वयंसेवक म्हणून अशाच एका मदत कक्षात बसते. येणारी माणसं दोन समजुती घेऊन येतात. काहींना वाटतं, फुकटचं आहे म्हणजे कामाचं नसणार. काहींना वाटतं, आत न्यायाधीश बसतात म्हणजे साहेबांनी एक फोन केला की काम फत्ते. दुसरी समजूत जास्त त्रास देते, कारण तिच्या भरवशावर माणूस हातावर हात ठेवून बसतो आणि मुदत निघून जाते.

तुम्हाला मोफत वकील मिळेल का

कायद्याच्या कलम १२ मध्ये यादी आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेले, मानवी तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, पूर-भूकंप-दंगल अशा आपत्तीत सापडलेले. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही. बाईला तर अजिबात नाही: ती नोकरी करते का, नवऱ्याचा पगार किती, माहेरी शेती आहे का, यातलं काहीही आड येत नाही. तरीही "माझ्या नवऱ्याला चांगला पगार आहे, मला कसा मिळेल?" असं विचारत कितीतरी जणी दारातूनच परत फिरतात.

यादीत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, म्हणजे महिना २५ हजार. मुंबईतली भाडी बघता ही मर्यादा तोकडी आहे असं माझं मत. सत्तावीस हजार कमावणारा, डोंबिवलीहून लोंबकळत येणारा माणूस यात बसत नाही आणि खासगी वकिलाची फीही त्याला झेपत नाही. त्याने काय करायचं ते पुढे सांगते.

उत्पन्नाचा दाखला हातात नसेल म्हणून थांबू नका. कलम १३ नुसार उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, संशयाला जागा असेल तरच जास्त चौकशी होते. याच कलमात दुसरी अट आहे: तुमच्या म्हणण्यात प्रथमदर्शनी काही तथ्य असायला हवं. भावावर राग आहे म्हणून त्याच्यावर काहीतरी केस टाकायची आहे, असं म्हणून वकील मिळत नाही.

आणि आरोपींचं काय? कोठडीतल्या माणसाला वकील मिळतोच, गुन्हा कोणताही असो. २६/११ च्या कसाबलासुद्धा खटल्यात आणि अपिलात सरकारी खर्चानेच वकील मिळाले होते. तेव्हा चोरीच्या संशयावरून उचललेल्या पोराच्या आईने "आमचं कोण ऐकणार" म्हणत घरी बसू नये. पहिल्या रिमांडच्याच, म्हणजे कोठडीसाठी कोर्टापुढे पहिल्यांदा उभं करतात त्याच दिवशी कोर्टात मोफत वकील मागता येतो, नव्हे, मागायलाच हवा.

कुठे जायचं

मुंबईत जिल्हे दोन. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत शहर जिल्हा, त्यापुढे दहिसर आणि मुलुंडपर्यंत उपनगर. शहराचं प्राधिकरण फोर्टला, जुन्या सचिवालयाच्या इमारतीत, म्हणजे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे तिथे. उपनगराचं वांद्रे पूर्वेला, लघुवाद न्यायालयाच्या भास्कर बिल्डिंगमध्ये. उच्च न्यायालयातल्या कामांसाठी तिथली स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. निघण्याआधी १५१०० या नंबरवर फोन करून विचारून घ्या, कारण खोल्या आणि मजले बदलत असतात. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज करता येतो.

नवीन माणूस इथे हमखास चुकतो. तुम्ही राहता कुठे यापेक्षा केस कुठल्या कोर्टात आहे किंवा टाकायची आहे, हे महत्त्वाचं. मीरा रोड, विरार, पनवेल यातलं काहीच मुंबई जिल्ह्यांत येत नाही. गावाकडून समन्स आलं असेल, समजा कराडच्या कोर्टातून, तर वकील तिकडच्या प्राधिकरणाकडून मिळेल. अर्ज लिहायला मात्र मुंबईतली कचेरीही मदत करते.

कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत कायदा बाईच्या सोयीचा आहे. सासर छत्रपती संभाजीनगरकडे असलं तरी ती सध्या भांडुपला बहिणीकडे तात्पुरती राहत असेल, तर इथल्याच दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करता येतो. मुंबईत १९८४ पासून पोलिसांच्या आवारात टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. तिथल्या समाजकार्यकर्त्या कोर्टाच्या आधीच्या पायरीवर फार कामाच्या असतात: बोलून घेतात, सासरच्यांना बोलावतात, पोलिसांशी बोलतात.

पिशवीत काय हवं

ओळखपत्र, पात्रतेचा पुरावा (जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, जे लागू असेल ते), आणि केसचे कागद. मूळ कागद कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

समन्स किंवा नोटीस ज्या लिफाफ्यात आली तो लिफाफा फेकू नका. मुदत मोजली जाते ती कागद तुमच्या हातात पडला त्या तारखेपासून, आणि ती तारीख दाखवायला पोस्टाचा शिक्का कामी येतो. बेलिफाने, म्हणजे कोर्टाच्या माणसाने, आणून दिलं असेल तर कोणी सही केली, कधी केली, हे घरात विचारून लिहून ठेवा. पुष्कळदा सही केलेली असते बारावीतल्या पोराने, आणि कागद दोन आठवडे टीव्हीमागे पडलेला असतो.

एका पानावर तारीखवार हकिगत लिहून आणा. भावना नकोत, निबंध नको. "जून २०२२ ला खोली भाड्याने घेतली. डिपॉझिट ५० हजार, चेकने. मे २०२४ ला करार संपला. ऑगस्टमध्ये मालकाने लाइट तोडली." एवढं पुरतं. हे पान आणणाऱ्याचं काम निम्म्या वेळात होतं.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका आणि तो फोन विकू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ मेसेज फोनमध्ये असतील तर वकिलाला ते करणं सोपं जातं.

कोर्टाबाहेरच्या दलालाविषयी दोन शब्द. फाटकापाशी कोणीतरी गाठतो: "अफेडेव्हिट करायचंय ना? पाचशेचा स्टँप लागेल." कोर्टात सादर करायच्या, तसंच उत्पन्नाच्या-जातीच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने माफ केलेलं आहे. आधी मदत कक्षात या, मग पाकीट काढायचं की नाही ते ठरवा.

पहिल्या भेटीत काय होतं

फ्रंट ऑफिसला कोणीतरी स्वयंसेवक किंवा पॅनेलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले, वकील बसलेले असतात. ते ऐकून घेतात, कागद चाळतात, फॉर्म भरायला मदत करतात. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगायचं, आम्ही लिहायचं, मग वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. अर्ज सचिवांकडे जातो. सचिव हे स्वतः न्यायाधीशच असतात. नालसाच्या २०१० च्या नियमांप्रमाणे निर्णय शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर सात दिवसांत व्हायला हवा. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. त्यावर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

मंजूर झाला तर काय काय फुकट? वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावण्याचा खर्च, टायपिंग, कागदपत्रांचा अनुवाद, निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकला. म्हणजे "वकील फुकट, पण खर्चाचे द्या" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

दुसरं एक महत्त्वाचं काम इथे होतं, ते म्हणजे मनोधैर्य योजना. बलात्कार, लहान मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना अर्थसाहाय्य देण्याची ही राज्याची योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फतच चालते. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नसतं. पोलिसांनी सांगितलं नसेल तर थेट येऊन विचारा.

जे इथे होणार नाही

सचिव न्यायाधीश असले तरी तुमची केस ज्यांच्यासमोर आहे त्या न्यायाधीशांना ते फोन करणार नाहीत. तारीख अलीकडे आणून देणार नाहीत. पोलिसांना "ह्याला उचला" असं सांगणार नाहीत. पोलीस तक्रारच घेत नसतील तर मात्र मार्ग आहे. आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी तक्रार पाठवायची, तरीही काही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. हा अर्ज मोफत वकील करून देतो. पुढे गुन्हा दाखल होऊन खटला उभा राहिला की तुमच्या बाजूने सरकारी वकील लढतो, आमचा नाही. हा फरक फिर्यादींना पचायला जड जातो.

मदत कक्षातले आम्ही "केस जिंकाल का" याचं उत्तर देत नाही. लोक चिडतात. "ताई, एवढं तरी सांगा." कायदा काय म्हणतो, कुठे अर्ज करायचा, कोणता कागद कमी आहे, एवढं सांगतो. पुढचं भाकीत वकिलानेही करू नये, आणि जो छातीठोक करतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. लॉ कॉलेजांच्या विधी सहाय्य केंद्रांतले विद्यार्थी मनापासून मदत करतात, अर्ज लिहून देतात, कायदा समजावतात. पण सनद नसल्यामुळे ते तुमच्या बाजूने कोर्टात उभे राहू शकत नाहीत.

दोन्ही बाजूंना मोफत वकील मिळू शकतो. नवरा ३ लाखांच्या आत असेल तर त्यालाही मिळेल, तिलाही मिळेल. "तुम्ही माझ्या बाजूचे की त्याच्या?" या प्रश्नाला कचेरीकडे उत्तर नाही. तुमचा वकील तुमच्या बाजूचा, कचेरी कोणाच्याच नाही.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट, जी इथे मिळत नाही, ती वेळ. अर्ज दिला म्हणून कायद्यातली मुदत थांबत नाही.

भाड्याच्या खोलीचंच बघा, कारण मुंबईत नव्याने आलेल्यांचं हे रोजचं दुखणं. लिव्ह अँड लायसन्सचा करार संपला, तुम्ही खोली सोडली नाहीत, तर मालक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तुम्हाला समन्स येतं. तुम्हाला वाटतं, तारखेला जाऊन साहेबांना सगळं सांगू. तसं होत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी बचाव करण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्ही कबूल केलंत असं धरलं जातं आणि खोली खाली करण्याचा हुकूम निघतो. अठ्ठाविसाव्या दिवशी हातात समन्स घेऊन आलेल्या माणसाला आम्ही त्याच दिवशी वकील मिळवून द्यायची धडपड करतो, पण डिपॉझिटच्या पावत्या गावी, करार एजंटकडे, अशा स्थितीत ते प्रतिज्ञापत्र लंगडंच होतं. तेच तिसऱ्या दिवशी आला असता तर मालकाने लाइट तोडल्याची तक्रारसुद्धा नीट मांडता आली असती.

इतर मुदतीही ध्यानात ठेवा. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, समन्सपासून ३० दिवसांत, सबळ कारण दिलं तर ९० पर्यंत. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार. ग्राहक तक्रारीला २ वर्षं, उसन्या पैशांच्या वसुलीला साधारणपणे ३ वर्षं.

जे पात्रतेत बसत नाहीत त्यांच्यासाठी

तो सत्तावीस हजारवाला आठवतो? त्याच्यासाठी सगळी दारं बंद नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतः तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला फी नाही. पगार बुडवला असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन गाठा. कामगार या व्याख्येत बसत असेल तर तो उत्पन्न न बघता मोफत वकिलालाही पात्र ठरतो, हे तपासल्याशिवाय परत जाऊ नका. आणि लोकअदालत सगळ्यांना खुली आहे, तिथे उत्पन्नाचा प्रश्नच नाही.

लोकअदालतीत वाद आपसात मिटतो. मिटला तर त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि त्याविरुद्ध अपील नाही. हे शेवटचं नीट ऐका. अपील नाही. म्हणून सही करण्याआधी मसुदा वाचा, रक्कम आणि ती देण्याची तारीख दोन्ही लिहिल्या आहेत ना ते बघा. "पैसे मिळतील" असं मोघम वाक्य असेल तर सही करू नका. पटत नसेल तर नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, तुमची केस होती तिथे परत जाते.

कायम लोकअदालत हा निराळा प्रकार. वीज, पाणी, टेलिफोन, पोस्ट, प्रवासी वाहतूक, हॉस्पिटल, विमा अशा सेवांविषयीचे, १ कोटीपर्यंतचे वाद, कोर्टात जाण्याआधी तिथे नेता येतात. पण तिथे तडजोड फिसकटली तर लोकअदालत स्वतः निकाल देऊ शकते. "जाऊन तर बघू, नाही पटलं तर उठून येऊ" हा हिशोब तिथे चालत नाही.

वकील मिळाल्यावर

नेमणुकीचं पत्र मिळेल. वकिलांना त्याच आठवड्यात भेटा, वकालतनाम्यावर सही करा, त्या हकिगतीची एक प्रत द्या. पॅनेलवरच्या वकिलांकडे पुष्कळ कामं असतात आणि प्राधिकरण देतं ती फी बाजारभावापेक्षा बरीच कमी असते, हे खरंच आहे. काही जण तरीही जीव ओतून लढतात, काही फक्त तारीख घेतात. तुम्ही हजर राहिलात, कागद वेळेवर दिलेत, की दुसऱ्या प्रकारातलाही थोडा पहिल्यासारखा वागायला लागतो.

केसचा सीएनआर नंबर, म्हणजे ओळख क्रमांक, मागून घ्या. सोळा अक्षर-अंकांचा असतो. ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं, ते दिसतं. वकील म्हणाले "मी हजर होतो" आणि नोंदीत "गैरहजर" दिसलं, तर शांतपणे विचारा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागा. पैसे मागितले तर पहिल्याच वेळी तक्रार करा. पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. पण दर दोन महिन्यांनी वकील बदलून मिळेल, किंवा मागे खासगी वकीलही ठेवायचा आणि मोफतचाही, असं चालत नाही. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर मदत काढून घेतली जाते.

निकाल विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. खालच्या कोर्टात मोफत वकील होता म्हणून अपिलाला तो आपोआप मिळत नाही, नवा अर्ज करावा लागतो, आणि अपील उच्च न्यायालयात असेल तर तो तिथल्या समितीकडे. जाताना निकालाची नक्कल, जुन्या नेमणुकीचं पत्र आणि तुमची ती हकिगत बरोबर ठेवा.